चुंबकीय बलरेषा

चुंबकाभोवतीचं क्षेत्र कागदावर दाखवायला ज्या रेषा काढतात त्या चुंबकीय बलरेषा. मायकेल फॅराडेने 19व्या शतकात ही कल्पना रुजवली, मॅक्सवेलने ती गणितात बसवली. होकायंत्राची सुई कुठेही ठेवा, ती तिथल्या रेषेच्या दिशेतच उभी राहते, आणि रेषा जिथे दाट तिथे क्षेत्र जोरदार, विरळ तिथे कमजोर.

चुंबकाच्या बाहेर रेषा उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे जातात आणि आतून दक्षिणेकडून परत उत्तरेकडे. हा आतला प्रवास बरेच जण विसरतात आणि रेषा ध्रुवावर संपली असं धरून चालतात, पण चुंबक मधोमध तोडला तरी दोन्ही तुकड्यांना दोन-दोन ध्रुव असतातच, सुटा ध्रुव आजवर कुणाला सापडलेला नाही.

दोन रेषा एकमेकींना छेदत नाहीत, कारण एका जागी क्षेत्राला दोन दिशा कशा असणार? अपवाद फक्त जिथे क्षेत्रच शून्य होतं तिथला, म्हणजे दोन चुंबकांचे उत्तर ध्रुव समोरासमोर धरले की मध्ये असा पॉइंट मिळतो.

पुस्तकात सरसकट लिहितात की बलरेषा नेहमी बंद लूप असते. हे पूर्ण खरं नाही आणि ते दुरुस्त व्हायला हवं. करंट वाहणारी तारेची एक रिंग घ्या, तिच्या मधून करंटवाली दुसरी सरळ तार जाऊ द्या, आता रेषा रिंगच्या तारेला वळसे घालत घालत सरळ तारेभोवतीही फिरते आणि बहुतेक वेळा सुरुवातीच्या जागी कधीच परत येत नाही. नियम एवढाच की कुठल्याही बंद पृष्ठभागात जेवढा फ्लक्स (म्हणजे पृष्ठभागातून जाणारं एकूण क्षेत्र) शिरतो तेवढाच बाहेर पडतो.

चुंबकाभोवती पसरलेल्या लोखंडाच्या कीसामुळे अजून एक गैरसमज होतो, की क्षेत्र फक्त सुट्या रेषांवरच असतं. कीसाचा प्रत्येक कण स्वतः छोटा चुंबक बनतो, कण एकमेकांना चिकटून साखळ्या होतात, म्हणून सुट्या रेषा दिसतात, पण मधल्या मोकळ्या जागेतही क्षेत्र असतंच. रेषा किती काढायच्या ते आपण ठरवतो.

खरी गंमत प्लाझ्मामध्ये, म्हणजे ज्यात इलेक्ट्रॉन अणूंपासून सुटे झालेत अशा वायूत आहे. तिथे वीज इतकी सहज वाहते की रेषा प्लाझ्माबरोबर ओढल्या जातात, पिळल्या जातात, स्वीडिश शास्त्रज्ञ हान्नेस आल्फवेन यांनी 1940च्या दशकात हे मांडलं आणि प्लाझ्माच्या या कामासाठी त्यांना 1970चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. सूर्यावर उलट दिशेच्या रेषा जवळ दाबल्या गेल्या की त्यांची जोडणी बदलते, साठलेली ऊर्जा एकदम सुटते आणि सौरज्वाला भडकते.