इंजिन तेलाची श्यानता (जुन्या मोटारींसाठी)

पुष्कळ चाललेल्या मोटारीच्या झिजलेल्या इंजिनाला योग्य दाटपणाचे (श्यानतेचे) तेल निवडणे. ‘गाडी जुनी झाली, आता जाड तेल घाला’ हा सल्ला सर्रास मिळतो. मात्र नुसत्या किलोमीटरवरून तेलाची ग्रेड (दाटपणाची वर्गवारी, उदा. १०डब्ल्यू-४०) बदलू नये, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

ग्रेडचे आकडे ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० या मानकातले. १०डब्ल्यू-४० मधील ‘डब्ल्यू’ म्हणजे ‘वेट’ (वजन) अशी समजूत रूढ आहे. तो ‘विंटर’चा, म्हणजे थंडीतल्या चाचणीचा निदर्शक होय. ५डब्ल्यू तेलाची श्यानता −३०° से. ला ६,६०० मिलिपास्कल-सेकंदांच्या आत असावी लागते, १०डब्ल्यूची −२५° से. ला ७,०००च्या आत. दुसरा आकडा १००° से. तापमानातल्या श्यानतेचा : ‘३०’ला ९.३ ते १२.५, ‘४०’ला १२.५ ते १६.३ वर्ग मिमी. प्रतिसेकंद. त्यामुळे १२.४चे तेल ‘३०’ आणि १२.६चे ‘४०’ ठरते, फरक नावापुरताच. बेअरिंगच्या दृष्टीने १५०° से. ची उच्च-कर्तन चाचणी (वेगाने सरकणाऱ्या भागांमधल्या तेलाची श्यानता) जास्त बोलकी : ५डब्ल्यू-३०ला किमान २.९, ५डब्ल्यू-४०ला ३.५, तर १५डब्ल्यू-४०ला ३.७ मिलिपास्कल-सेकंद.

बेअरिंगमधली फट वाढली की गरम इंजिन आयडलला असताना तेलाचा दाब उतरतो आणि तेलाच्या इशाऱ्याचा दिवा मिणमिणू लागतो. अशा वेळी आधी पातळी पाहावी, मग सेन्सरवर न विसंबता दाब गेजने मोजावा. डिपस्टिकवरच्या थेंबाला पेट्रोलचा वास येत असेल, तर तेल पातळ होण्याचे कारण झीज नव्हे, इंधनगळती होय. तिथे जाड तेल हा इलाज नाही. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सुरू करताना क्षणभर निळा धूर आला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. चढावर जोर देताना येत राहिला, तर पिस्टनच्या रिंगांवर.

बाकी सारे ठीक असून दाब कमी किंवा तेल खाणे वाढलेले असेल, तर गाडीच्या पुस्तिकेतल्या ग्रेडच्या एकच पायरी वर जावे, तेही पुस्तिकेत चालत असल्यास. पहिला आकडा तोच ठेवावा : ५डब्ल्यू-३० ऐवजी ५डब्ल्यू-४०. थेट २०डब्ल्यू-५० घातल्यास थंड इंजिनात तेल उशिरा पोहोचते, हायड्रॉलिक टॅपेट (तेलाच्या दाबावर चालणारे, व्हॉल्व्ह उघडणारे भाग) खडखडतात, आणि व्हॉल्व्हची वेळ तेलाच्या दाबावर बदलणारी यंत्रणा सुस्तावते. ‘हाय मायलेज’ तेलातील पूरके कडक झालेले रबरी सील किंचित फुगवतात. फाटलेल्या सीलवर त्यांचा उपयोग नाही. सपाट टॅपेटच्या जुन्या इंजिनांत ग्रेडइतकेच जस्त-फॉस्फरसयुक्त पूरकाचे प्रमाणही पाहावे लागते.