आयडलची थरथर : मिसिंग की माउंटिंग?

ठाण्याच्या तीन हात नाक्याच्या सिग्नलला इंजिन चालू ठेवून, म्हणजे आयडलवर, गाडी उभी राहिली आणि स्टीअरिंग, सीट, आरसा सगळेच थरथरू लागले, की आपल्याकडे दोनच निदाने ऐकू येतात. एक म्हणतो गाडी मिसिंग मारते आहे, प्लग बदला; दुसरा म्हणतो माउंटिंग, म्हणजे इंजिनाचे रबरी आधार, गेले. दोन्ही दोष खरे आहेत आणि सर्रास आढळतात, पण कोणता आहे हे ठरायच्या आत पाना हातात घ्यायची रीत पडली असल्यामुळे चांगले प्लग भंगारात जातात, धडधाकट माउंटिंग उतरवले जाते आणि थरथर होती तिथेच राहते. व्हील बॅलन्सिंग सुचवणाऱ्यांना इथे जागा देत नाही. उभ्या गाडीची चाके फिरत नाहीत.

मिसिंग म्हणजे काय हे गाडी बाळगणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी, इंधन किंवा दाब कमी पडतो आणि त्याच्या पाळीचा स्फोट नीट होत नाही. ठिणगी पाडणारा प्लग, त्याला व्होल्टेज पुरवणारी कॉइल, इंधन फवारणारा इंजेक्टर, पावसाळ्यात कनेक्टरमध्ये शिरलेली ओल, पार्किंगमध्ये उंदरांनी कुरतडलेली वायर ही त्याची नेहमीची कारणे. यावर अधिक लिहीत नाही.

माउंटिंगबद्दल मात्र फार गैरसमज आहेत. इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीच्या सांगाड्याला रबर बसवलेल्या तीन-चार आधारांनी जोडलेले असतात; काही गाड्यांत त्यातल्या एखाद्या आधाराच्या पोटात द्रवही भरलेला असतो. इंजिन हलू न देणे हे या आधारांचे काम आहे, असे लोक धरून चालतात, आणि घोळ इथूनच सुरू होतो. त्यांचे काम नेमके उलट आहे. इंजिनाला त्याच्या जागी हलू द्यायचे आणि ते हलणे सांगाड्यापर्यंत पोहोचू द्यायचे नाही, यासाठीच मधे रबर घातलेले असते.

हे एकदा ध्यानात घेतले की बॉनेट उघडून, इंजिनाकडे बोट दाखवून, ‘बघा किती हलते आहे, माउंटिंग गेले’ म्हणणाऱ्या मेकॅनिकचे म्हणणे किती पोकळ आहे ते कळते. निरोगी इंजिनही थोडे डोलतेच. उलट ज्या माउंटिंगचे रबर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक झाले आहे किंवा इतके बसले आहे की धातूला धातू टेकतो, त्या गाडीत बॉनेटखाली इंजिन बऱ्यापैकी शांत दिसते आणि आत बसलेल्याच्या दातांपर्यंत कंप जातो. म्हणून प्रश्न विचारायचा तो असा : इंजिन स्वतः वाजवीपेक्षा जास्त हलते आहे, की इंजिन ठीक आहे आणि त्याचे साधे हलणेच गाडीत झिरपते आहे? पहिले असेल तर मिसिंग, दुसरे असेल तर माउंटिंग. मिसिंगमध्ये कंप निर्माण होतो. माउंटिंगच्या दोषात तो फक्त अडवला जात नाही.

हा फरक हाताला कळतो. चार सिलिंडरचे इंजिन ७५० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ७५० फेऱ्यांवर, सेकंदाला साडेबारा फेरे घेते, आणि दर फेऱ्यात दोन स्फोट म्हणजे सेकंदाला पंचवीस. हे पंचवीस ठोके वेगळे मोजता येत नाहीत. तळहाताला ती एकसंध, बारीक, गुणगुणणारी थरथर लागते. माउंटिंग खराब असेल तर हीच थरथर जशीच्या तशी आत येते, फक्त मोठी होऊन. पण चारांपैकी एक सिलिंडर मेला असेल, तर त्याची पाळी दोन फेऱ्यांतून एकदा येत असल्याने सेकंदाला सहाच्या आसपास खड्डे पडतात. तो ठोका संथ असतो, जवळजवळ मोजता येईल असा. त्यावर गाडी बारीक थरथरत नाही, अख्खी डुलते. सिलिंडर पूर्ण मेला नसून अधूनमधून चुकत असेल तर ठोका अनियमित होतो, आरपीएमचा काटा दबकतो आणि सायलेन्सरमागे हात धरला तर झोताची लय तुटलेली जाणवते. एकसारखी बारीक थरथर आणि तुटक जाड धक्का, एवढाच भेद ओळखता आला तरी पुष्कळ खर्च वाचेल.

एसी लावून पाहण्याची चाचणी फार लोकप्रिय आहे आणि माझ्या मते निरुपयोगी. एसी लावल्यावर कंप्रेसरचा भार इंजिनावर येतो. अशक्त सिलिंडर त्या भाराखाली अधिक चुकतो, आणि कडक माउंटिंग तोच वाढलेला भार अधिक जोराने आत पोहोचवते. दोन्ही दोषांत थरथर वाढते. ‘एसी लावला की होते’ एवढ्यावर जो माउंटिंगची किंमत सांगू लागतो, त्याने काहीही तपासलेले नसते.

आपल्या भागात त्याहून कितीतरी चांगली चाचणी फुकट उपलब्ध आहे, कारण इथे सीएनजीच्या गाड्या भरपूर आहेत. थरथर चालू असताना, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, बटण दाबून सीएनजीवरून पेट्रोलवर या. सीएनजीच्या मिश्रणात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून थकलेला प्लग किंवा कॉइल आधी सीएनजीवर उघडी पडते. पेट्रोलवर येताच थरथर विरली, तर माउंटिंगला हात लावू नका. दोष ठिणगीचा किंवा सीएनजीच्या इंजेक्टर-फिल्टरचा आहे. रबराला इंधनातला फरक कळत नाही. दोन्ही इंधनांवर थरथर तंतोतंत सारखी राहिली तर संशय माउंटिंगकडे झुकतो, मात्र साफ मेलेली कॉइल दोन्हीकडे सारखीच त्रास देते, म्हणून हाताची चाचणी सोडायची नाही.

चालत्या गाडीतही दोघांचे वागणे निराळे असते. गायमुखच्या चढावर वरच्या गिअरमध्ये दाबल्यावर गाडी आचके देत असेल, ओढ कमी पडत असेल, तर ते मिसिंग. ओढ उत्तम आहे पण क्लच सोडताना, रिव्हर्स टाकताना किंवा घोडबंदर रोडच्या खड्ड्यात खालून ‘धप्’ असा आवाज येतो, तर फाटलेले माउंटिंग. ऑटोमॅटिक गाडी ब्रेकवर ‘डी’मध्ये (ड्राइव्ह) थरथरते आणि ‘एन’मध्ये (न्यूट्रल) शांत होते, हेही बहुधा माउंटिंगकडेच बोट दाखवते, कारण ‘डी’मध्ये इंजिन पिळले जाऊन एका बाजूच्या रबरावर रेलते.

गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरबद्दल एवढेच की मिसिंगचा कोड मिळतो, माउंटिंगचा मिळत नाही, कारण या रबरात सेन्सर नसतो. पी०३०२ आला म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर चुकतो आहे, कॉइल गेली आहे असे नव्हे. दोन आणि तीन नंबरच्या कॉइलांची अदलाबदल करा. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच. दहा मिनिटांच्या या कामाला कंटाळून चारही कॉइल विकणारे गॅरेज मी टाळतो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र अदलाबदल करत बसू नये, गाडी चालवूही नये; न जळलेले इंधन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजतो आणि तो प्लगपेक्षा फार महाग असतो.

तीन सिलिंडरच्या गाड्यांचे वेगळे सांगायला हवे. २०२४च्या नव्या स्विफ्टमध्ये तीन सिलिंडर आहेत, आधीच्या पेट्रोल स्विफ्टमध्ये चार होते. तीन सिलिंडरांत ७५० आरपीएमला सेकंदाला एकोणीसच्या आसपास स्फोट होतात आणि इंजिनाची लांबीच्या दिशेने झुलण्याची वृत्तीही असते. जुनी गाडी विकून नवी घेतलेल्यांना आयडलवर जो जाडसर कंप जाणवतो तो पुष्कळदा दोष नसतोच. तुलना करायचीच तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी करावी.

दोन्ही दोष एकत्र असतील तर आधी मिसिंग काढावे, मग माउंटिंगचा विचार करावा. आयडलचा आरपीएम वाढवून थरथर लपवणे हा उपाय नव्हे. कंप फक्त रबराला झेपेल अशा गतीवर जातो आणि इंधन फुकट जळते. माउंटिंग बदलायचेच ठरले तर कंपनीचेच घ्यावे, कारण बाजारातल्या स्वस्त मालाचे रबर अनेकदा इतके कडक असते की नवे बसवूनही जुनीच थरथर मिळते. आणि बसवताना समोर उभे राहावे : बोल्ट आधी सैल ठेवून इंजिनाचे वजन रबरावर नीट बसू द्यायचे, इंजिन थोडा वेळ आयडलवर चालवायचे आणि मगच बोल्ट आवळायचे. जॅकवर उचललेल्या स्थितीत थेट आवळले तर रबर पिळलेलेच राहते, आणि नवे माउंटिंग पहिल्या दिवसापासून कंप आत सोडू लागते.