शंख, गवताचं पातं आणि कानात सरकणारी तार

कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे कानाच्या आत इलेक्ट्रोडची बारीक तार घालून श्रवणाच्या नसेला विजेचे संकेत देणारं यंत्र, म्हटलं की आपल्याला ते व्हिडिओच आठवतात, मशीन चालू होतं आणि पोरगं दचकून आईकडे बघतं. पण सर्जन लोकांचं डोकं सध्या खपतंय ते त्याच्या कितीतरी आधीच्या काही मिनिटांवर, ऑपरेशन टेबलवर तार कानाच्या आत सरकवतात ना, तिथे. हे एवढं महत्त्वाचं का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

सुरुवात पॅरिसमध्ये झाली. २५ फेब्रुवारी १९५७ ला आंद्रे जूर्नो आणि शार्ल एरिएस या जोडीने पूर्ण बहिऱ्या झालेल्या एका माणसाच्या श्रवण-नसेवर थेट इलेक्ट्रोड बसवला. त्याला रातकिड्यांच्या किरकिरीसारखं काहीतरी ऐकू आलं, पुढे दोन-चार शब्दही ओळखता यायला लागले, मग यंत्र बिघडलं, दुसरं बसवलं तेही बिघडलं आणि दोघांचं आपसात फाटलं ते वेगळंच. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसला विल्यम हाउसने हाच विषय हातात घेतला, लोकांनी नावं ठेवली तरी सोडला नाही. त्याच्या एका चॅनेलच्या, म्हणजे एकाच वाटेने सिग्नल देणाऱ्या, यंत्राला १९८४ मध्ये एफडीएची (औषधं आणि वैद्यकीय यंत्रं तपासणारी अमेरिकी सरकारी संस्था) परवानगी मिळाली.

एका चॅनेलने आवाज कळतो, बोलणं मात्र फारसं कळत नाही. कारण आपली कॉक्लिया, म्हणजे आतल्या कानातला ऐकण्याचा अवयव, ही गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी, सरळ केली तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरेल, आणि तिच्या तोंडाशी बारीक किनरे आवाज कळतात तर टोकाशी खर्जातले. म्हणजे बोलणं समजायचं तर बरेच इलेक्ट्रोड पाहिजेत आणि तार वळणं घेत आतपर्यंत गेली पाहिजे. ती जाता जाईना, मध्येच अडकायची. मेलबर्नचे ग्रॅम क्लार्क (यांचे वडीलही कमी ऐकायचे) १९७७ मध्ये समुद्रकिनारी सुट्टीवर होते, तिथे त्यांनी एक शंख उचलला आणि गवताचं पातं त्यात घालून बघितलं. बुडाशी ताठ आणि टोकाकडे लवचिक असलेलं पातं वळणं घेत सरळ आत गेलं! मग तारही तशीच करायची ठरली आणि १ ऑगस्ट १९७८ ला रॉड सॉन्डर्स यांना त्यांचं पहिलं मल्टिचॅनेल इम्प्लांट बसलं. त्याच सुमारास व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर या नवरा-बायकोनेही स्वतःचं यंत्र केलं होतं, पण मला स्वतःला ते गवताचं पातंच जास्त आवडतं.

या सगळ्या काळात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, की कान तसाही गेलाय, मग तार घालताना आतलं थोडं फाटलं तर काय बिघडलं. माझ्या मते खरं वळण आलं ते हा समज मोडला तेव्हा. जर्मनीत एर्न्स्ट लेनहार्ट यांनी १९९३ मध्ये 'सॉफ्ट सर्जरी' मांडली, म्हणजे भोक छोटं पाडा, आतलं पाणी सक्शनने ओढू नका, रक्त आणि हाडाचा भुसा आत पडू देऊ नका. १९९९ ला फ्रँकफर्टच्या फॉन इल्बर्ग यांच्या टीमने तर एकाच कानात इम्प्लांट आणि साधं श्रवणयंत्र दोन्ही चालवायची कल्पना मांडली, कारण बऱ्याच लोकांचे खर्जातले आवाज शाबूत असतात, ते वाचवले तर गाणं ऐकायला आणि गोंगाटात बोलणं पकडायला उपयोगी पडतात.

तेव्हापासून सगळी धडपड हात हलका करायची. आता तार सरकवताना कानात आवाज सोडतात आणि तीच तार आतला प्रतिसाद टिपते, सिग्नल एकदम पडला की सर्जन थांबतो किंवा तार किंचित मागे घेतो. रोबोटही आलेत, स्वित्झर्लंडमधल्या बर्नला २०१६ मध्ये रोबोटने कवटीच्या हाडातून ड्रिल करून वाट काढली, आणि तार ढकलणारे रोबोट तर माणसाच्या हाताला जमणारच नाही इतक्या सावकाश सरकवतात. सूज येऊ नये म्हणून तारेतूनच हळूहळू स्टेरॉइड झिरपवायचंही काम चालू आहे.

आपल्याकडे मुंबईचे कानाचे सर्जन डॉ. मिलिंद कीर्तने यांचं नाव यात आधीपासूनचं. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडीआयपी योजनेतूनही लहान मुलांना इम्प्लांट मिळतं, त्याचं काम वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडून चालतं. आता कोणी म्हणेल, जन्मापासून काहीच ऐकू न येणाऱ्या पोराचं आत वाचवायचं तरी काय? पण तीन वर्षांच्या मुलाला बसवलेलं यंत्र सत्तर वर्षं टिकेल असं कोणीच सांगत नाही, कधी ना कधी ते काढून त्याच कानात दुसरी तार घालायची वेळ येऊ शकते, आणि पहिल्या वेळी आत ओरबाडलं गेलं असेल तर तिथे व्रण धरतो, कधी कधी हाडच वाढतं, आणि दुसऱ्या तारेला वाट सापडत नाही.