मावशीचं फॉइल आणि चिपचं मोर्तब

इंदूरच्या लोकमान्य नगरात राहणारी माझी मावशी महिन्याभरापासून आपलं डेबिट कार्ड पोळ्यांच्या फॉइलमध्ये गुंडाळून ठेवते. व्हॉट्सॲपवर तिला एक व्हिडिओ आला होता. त्यात गर्दीतला एक माणूस स्वाइप मशीन लोकांच्या खिशांना लावत फिरतो आणि म्हणे खात्यातले पैसे उडतात. इथल्या सराफा बाजारात रात्री खाणाऱ्यांची काय गर्दी असते! मावशी घाबरली. आता बाजारात ‘कार्डचोरी रोखणारी’ पाकिटंही आली आहेत. गाडीला लिंबू-मिरची, कार्डाला कवच.

फॉइल काम करतं, हे मात्र खरं. मशीनला नुसतं टेकवून, म्हणजे टॅप करून, पैसे देता येणाऱ्या कार्डात बॅटरी नसते. मशीनभोवती १३.५६ मेगाहर्ट्झने बदलणारं चुंबकीय क्षेत्र असतं. कार्डातल्या बारीक तारेच्या वेटोळ्यात त्यामुळे वीज तयार होते (शाळेतला फॅरेडे आठवा) आणि चिप जागी होते. हे सगळं जेमतेम चार सेंटिमीटरवरून. मध्ये फॉइल आलं की त्यातच प्रवाह फिरू लागतात आणि क्षेत्राचा जोर मरतो. पण फॉइल नसतं, तर चोराच्या हाती काय लागलं असतं?

कार्डामागच्या जुन्या काळ्या चुंबकीय पट्टीवर कायम तीच माहिती असे. एकदा उतरवून घेतली की दुसऱ्या प्लास्टिकवर चढवता येई. चिप दर वेळी नवं मोर्तब करते. मोडी पत्रात मजकूर संपला की तिथेच शिक्का उठवत, खाली कोणी ओळ घुसडू नये म्हणून. चिपचा शिक्का गणिताचा, एवढाच फरक.

कार्ड तयार करताना बँक आपल्या मुख्य किल्लीतून त्या एका कार्डापुरती गुप्त किल्ली काढते आणि चिपमध्ये ठेवते. ती कधीच बाहेर येत नाही, मशीनलाही दिसत नाही. टॅप केलं की मशीन चिपला रक्कम, तारीख, चलन आणि त्याच क्षणी काढलेली एक यादृच्छिक, म्हणजे आधी ओळखता न येणारी, संख्या देतं. चिप त्यात आपला मोजणीचा आकडा मिसळते, म्हणजे या कार्डाचा हा कितवा व्यवहार. हा आकडा दोन बाइटांचा, ६५,५३५ च्या पुढे जात नाही. (इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत तितक्या कचोऱ्या खाल्ल्या तर कार्डाआधी आपणच संपू.) या सगळ्यावर गुप्त किल्ली चालवून आठ बाइटांचा एक संकेत निघतो. तेच मोर्तब.

मशीन ते दुकानदाराच्या बँकेकडे पाठवतं, तिथून रुपे किंवा व्हिसाच्या जाळ्यातून ते तुमच्या बँकेत पोचतं. किल्ली तिलाही काढता येते, म्हणून ती तेच गणित करून पाहते. रक्कम एका पैशाने बदलली असली तरी उत्तर जुळत नाही. कालचं मोर्तब आज पुन्हा पाठवलं, तर मोजणी पुढे सरकलेली नाही हे लगेच कळतं. जुळलं, खात्यात शिल्लक आहे, कार्ड बंद केलेलं नाही, की मंजुरी. दोन-तीन सेकंदांचा खेळ. दुकानदाराच्या खात्यात पैसे मात्र नंतरच्या हिशेबात पडतात.

तेव्हा चोराला फार तर कार्डाचा क्रमांक आणि मुदत मिळेल. मागे छापलेला सीव्हीव्ही चिप सांगत नाही, आणि आपल्याकडच्या ऑनलाइन खरेदीला त्यावर सहसा ओटीपीही लागतो. त्याने खरंच मशीन लावलं, तरी पिनशिवाय एका व्यवहारात ५,००० रुपयांपर्यंतच जाता येतं. १ जानेवारी २०२१ पासूनची रिझर्व्ह बँकेची ही मर्यादा. शिवाय पैसे जाणार ते मशीन ज्याच्या नावावर आहे त्याच्या खात्यात, जिथे त्याची कागदपत्रं आधीच जमा आहेत. म्हणजे पावती देणारा पाकीटमार.

हे सगळं मावशीला समजावलं आणि फॉइल उलगडलं. आत कार्डाला चिकटवलेली चिठ्ठी होती, तिच्यावर चार आकडे.

“विसरते रे मी,” ती म्हणाली.

चिठ्ठी फाडली. टॅपची सोय बँकेच्या ॲपमधून बंद करता येते, ती करून दिली. फॉइल पुन्हा स्वयंपाकघरात गेलं.