सफरीचा फॉर्म आणि ‘पोचलो’चा फोन: आमच्या बोटी नेणाऱ्यांसाठी

भाड्याच्या बोटीची चावी मागितली की आम्ही आधी सफरीचा फॉर्म पुढे करतो आणि दर दुसऱ्या ग्राहकाचा चेहरा पडतो. “अहो, दोन तासांत परत येतोय, त्याला फॉर्म कशाला?” हे इतक्या वेळा ऐकलंय की उत्तर एकदाच छापून ठेवलेलं बरं. बोट कशी हाकायची, भरती-ओहोटीचं कोष्टक कसं वाचायचं हे तुम्हाला येतं असं धरलंय. हा कागद फक्त सफरीचा बेत कळवण्याबद्दल आहे: तटरक्षक दलाला आणि आम्हाला.

आधी एक गैरसमज. रेडिओवर तटरक्षक दलाला बेत सांगितला की तिथे कोणीतरी घड्याळाकडे बघत आपली वाट पाहतं, असं पुष्कळांना वाटतं. बऱ्याच ठिकाणी तसं नसतं. ड्यूटीवरचा माणूस तपशील नोंदवून घेतो. बोट आली नाही अशी खबर कोणी दिली, की मग ती नोंद कामाला येते. अमेरिकेचं तटरक्षक दल तर तिथल्या बोटवाल्यांना सरळ सांगतं, की बेताचा कागद आमच्याकडे नको, किनाऱ्यावरच्या भरवशाच्या माणसाकडे ठेवा. म्हणजे वेळ टळली हे ओळखून फोन उचलणारं कोणीतरी जमिनीवर लागतंच. आमच्या बोटींपुरतं ते काम आम्ही करतो, म्हणून फॉर्मची एक प्रत आमच्या भिंतीवर लागते.

आणि इथेच ती चूक होते, जिच्यापायी आमच्या कितीतरी संध्याकाळी गेल्या. जाताना सगळे कळवतात. पोचल्यावर कोणी कळवत नाही.

एका कुटुंबाने परतायची वेळ सहाची लिहिली होती. सात वाजले, पत्ता नाही. रेडिओला उत्तर नाही, मोबाइल बंद. आठला आम्ही तटरक्षक दलाला कळवलं. त्यांनी आजूबाजूच्या धक्क्यांवर फोन फिरवले, बचावनौकेवरची माणसं घरचं ताट सोडून आली, लाइफजॅकेट चढवून नौकेत उतरली. तेवढ्यात निरोप आला: वारा वाढला म्हणून मंडळी पलीकडच्या धक्क्याला लागली होती आणि साडेपाचपासून तिथे निवांत जेवत होती. बोट नीट बांधलेली, सगळे सुखरूप. वारा बघून जवळचा आसरा घेतला हे त्यांनी अगदी बरोबर केलं. घरी मेसेजही केला होता. फक्त भिंतीवरच्या कागदाकडे बघत बसलेल्या आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. त्या वेळात दुसऱ्या कोणाला खरंच मदत लागली असती तर ती नौका आमच्या कामात अडकलेली होती.

तेव्हा पोचलात, बेत बदललात किंवा उशीर होणार असं दिसलं, तर आम्हाला कळवा. जाताना तटरक्षक दलाला रेडिओवर सांगितलं असेल तर तिथेही ‘सुखरूप पोचलो, नोंद बंद करा’ म्हणा. मेसेज करणार असाल तर आमचं ‘ठीक’ आल्याशिवाय तो मिळाला असं धरू नका. पाण्यावर नेटवर्क जातं-येतं, मेसेज फोनमध्येच पडून राहतो आणि पाठवणारा निर्धास्त झोपतो.

फॉर्मवर वेळेचे दोन रकाने आहेत, त्यावरूनही वाद होतात. पहिल्यात पोचायची अंदाजी वेळ. दुसऱ्यात, अमुक वाजेपर्यंत काहीच कळलं नाही तर खबर द्या, ती वेळ. दोन्हीकडे एकच आकडा लिहू नका. पंधरा सागरी मैल जायचं, बोट ताशी पाच मैलांनी चालते, म्हणजे तीन तास, असा हिशेब सगळे करतात. समोरून दोन मैलांचा प्रवाह असला तर किनाऱ्याच्या हिशेबाने बोट तीनच मैलांनी सरकते आणि त्याच वाटेला पाच तास लागतात. दुसऱ्या रकान्यात एवढी सवड हवी. पण सवड म्हणजे दुसरा दिवस नव्हे. इंजिन बंद पडलेली बोट ताशी दोन मैल वाहत असेल आणि दिशा माहीत नसेल, तर एका तासात शोधायचं क्षेत्र साधारण साडेबारा चौरस सागरी मैल होतं, तीन तासांत एकशे तेरा. वेळ तिप्पट, पाणी नऊपट. म्हणून दुसरी वेळ आम्ही तुमच्यासमोर बसून ठरवतो. त्यात पाच मिनिटं जातात, जाऊ देत.

‘माणसं किती’ हा रकाना सोपा वाटतो आणि तिथेच हटकून चुकतं. फॉर्मवर चार लिहिलेलं असतं, धक्क्यावर भाचा येऊन बसतो, पाच होतात. कडेवरचं बाळ तर कित्येक जण मोजतच नाहीत. पाण्यातून चार जण काढले की कागदाप्रमाणे शोध संपला. पाचवा कोणाच्या लक्षात येणार? उलट पाच लिहून एक जण आयत्या वेळी घरी राहिला, तर नसलेल्या माणसासाठी अंधारात शोध चालू राहतो. शेवटचा माणूस चढला की मोजा, आकडा बदलला असेल तर दोर सोडण्याआधी सांगा.

रंगाच्या रकान्यात ‘पांढरी’ लिहून काही साधत नाही. निम्म्या बोटी पांढऱ्या असतात आणि वाऱ्याच्या दिवशी वरून बघितलं तर समुद्रही फेसाने पांढराच दिसतो. छताच्या ताडपत्रीचा रंग, शिडावरचा क्रमांक, मागे तराफा ओढताय का, हे लिहा. आमच्या बोटींच्या ताडपत्र्या भगव्या का, असं बरेच जण विचारतात. ते दिसण्यासाठीच आहे.

रेडिओवर बेत सांगायचा तर चॅनेल 16 वर हाक द्या, ते सांगतील त्या चॅनेलवर जा आणि तिथे बोला. बोटीचं नाव, कुठून कुठे, माणसं किती, पोचायची वेळ, बस. स्थानिक केंद्र थेट कामाच्या चॅनेलवरच बोलवत असेल तर तसं करा, चावीच्या पट्टीवर तो क्रमांक लिहिलेला असतो. 16 वर गप्पा नकोत, संकटाची हाक तिथेच येते.

“मोबाइल आहे की” म्हणणाऱ्यांना एवढंच: फोन एकालाच लागतो, रेडिओ आसपासच्या सगळ्या बोटी ऐकतात. व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरचा हा रेडिओ, साधारण नजरेच्या टप्प्यातच चालतो, म्हणून अँटेनाची उंची महत्त्वाची. बोटीत बसून हातातल्या सेटवरून तशाच दुसऱ्या सेटशी बोलायचं तर चार-पाच सागरी मैल म्हणजे खूप झाले. डोलकाठीवरच्या अँटेनाने उंचावरच्या केंद्राशी बोललात तर वीसेक मैलही मिळतात. आमच्या प्रत्येक बोटीवर अँटेना वर लावलेला, डीएससीवाला, म्हणजे बटणावर संकटाची हाक आपोआप पाठवणारा सेट आहे. लाल झाकणाखालचं बटण दाबून धरलं की बोटीचा नऊ आकडी एमएमएसआय, म्हणजे रेडिओवरचा ओळख क्रमांक, आणि ठिकाण चॅनेल 70 वरून आपोआप जातं. ठिकाण मात्र सेटला जीपीएस जोडलेलं असेल तरच आपोआप जातं. ती जोडणी आम्ही दर आठवड्याला तपासतो. स्वतःच्या बोटी आमच्याकडे दुरुस्तीला आणणाऱ्यांचे सेट उघडतो तेव्हा ती वायर पुष्कळदा मोकळीच लोंबत असते, आणि एमएमएसआय अजून जुन्या मालकाच्या नावावर. तुमच्या बोटीचं दोन्ही बघून हवं असेल तर काउंटरवर विचारा, फार वेळचं काम नाही. किनाऱ्यापासून लांब जाणाऱ्यांना 406 मेगाहर्ट्झचा बीकन, म्हणजे संकटाचा संकेत देणारं छोटं यंत्र, तेही भाड्याने देतो. तो उपग्रहामार्फत संकेत पाठवतो, त्याला व्हीएचएफचा टप्पा आड येत नाही. पण बीकन घेतला म्हणून फॉर्म माफ होत नाही. बीकन कोणीतरी चालू करावा लागतो किंवा तो पाण्यात पडावा लागतो. इंजिन बंद पडून शांतपणे वाहत जाणाऱ्या बोटीत बऱ्याचदा दोन्ही होत नाही.

फॉर्मशिवाय चावी मिळणार नाही, रोजच्या गिऱ्हाइकालाही नाही. घाईच्या सकाळी यावरून दोन शब्द ऐकावे लागतात, ते आम्ही ऐकून घेतो. रात्री कितीही वाजता फोन केलात तरी कोणी ना कोणी उचलेल. उशीर झाल्याबद्दल बोलणी बसतील म्हणून फोन टाळू नका, बसणार नाहीत.

फॉर्म आदल्या दिवशी नेऊन घरी भरलात तर धक्क्यावरचा वेळ वाचेल. पेन्सिलने भरा, ओल्या कागदावर बॉलपेन उमटत नाही.