ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे

गाडीत बसा आणि पट्टा न लावता निघा. थोडं अंतर जात नाही तोच डॅशबोर्डवर टुंग टुंग सुरू होतं आणि थांबता थांबत नाही. शेवटी वैतागून आपण पट्टा ओढतो, खट्कन अडकवतो. आवाज बंद. आता दुसरं चित्र. पट्टा लावलेला नाही, चौकात पोलीस गाडी बाजूला घ्यायला लावतात आणि १००० रुपयांचं ई-चलान मोबाइलवर येतं. दोन्हींचा हेतू एकच, तुम्ही पट्टा लावावा. दोन्हींत काहीतरी नकोसं आहे. म्हणून मानसशास्त्र नव्याने शिकणारे दोन्ही एकाच पिशवीत टाकतात.

पण टुंग टुंग हे ऋण प्रबलन आहे आणि चलान ही शिक्षा. हा फरक परीक्षेत दोन गुणांना विचारतात. मला मात्र प्रथम वर्षाच्या अख्ख्या अभ्यासक्रमात तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. ताण, टाळाटाळ, व्यसन, मुलांचे हट्ट या सगळ्यांच्या मुळाशी तोच आहे.

पेपर तपासताना एक उत्तर दरवर्षी भेटतं: ‘ऋण प्रबलन म्हणजे वाईट वर्तनाबद्दल शिक्षा देणे. उदा. गृहपाठ न केल्यास छडी मारणे.’ मुलांना मी दोष देत नाही. हा गोंधळ शब्दांच्या जन्मापासूनचा आहे. साधक अभिसंधानाची, म्हणजे वर्तनाच्या परिणामांतून होणाऱ्या शिकण्याची, मांडणी करणारे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनीच १९३८ च्या ‘द बिहेवियर ऑफ ऑर्गनिझम्स’मध्ये निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट (ऋण प्रबलन) हा शब्द शिक्षेच्या अर्थाने वापरला होता. १९५३ च्या ‘सायन्स अँड ह्यूमन बिहेवियर’पर्यंत त्यांनी अर्थ बदलला आणि आजचा अर्थ तिथून रूढ झाला. ज्याने शब्द रुजवला त्यालाच तो एकदा फिरवावा लागला, तिथे अठरा वर्षांच्या पोरांचं काय घेऊन बसायचं!

त्यात काही नोट्समध्ये ‘नकारात्मक प्रबलन’ असं छापतात. नकारात्मक म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर वाईटच येतं. ‘ऋण’ हा जुना शब्द त्यापेक्षा कितीतरी चांगला, कारण तो गणितातला आहे. धन म्हणजे अधिक, ऋण म्हणजे उणे. चांगलं-वाईट हा प्रश्नच नाही. वर्तनानंतर परिस्थितीत काही आलं की परिस्थितीतून काही गेलं, एवढंच तो सांगतो. आणि प्रबलन म्हणजे बळ मिळणं. ज्या वर्तनाचं प्रबलन होतं ते वाढतं, पुन्हा पुन्हा होतं. शिक्षेने वर्तन कमी होतं.

म्हणजे ऋण प्रबलनात काहीतरी नकोसं निघून जातं आणि त्यामुळे ते घालवणारं वर्तन वाढतं. टुंग टुंग थांबते, म्हणून पट्टा लावणं वाढतं. डोकं दुखतं, गोळी घेतली, दुखणं थांबलं, तर पुढच्या वेळी हात आधी गोळीकडे जातो. शिक्षेत वर्तनामागोमाग काहीतरी नकोसं येतं, किंवा हवंसं काही हातातून जातं, आणि ते वर्तन घटतं. चलानात पैसे जातात, म्हणून काटेकोर बोलायचं तर ती ऋण शिक्षा झाली. छडी ही धन शिक्षा. धन प्रबलन सगळ्यांना माहीत असतं, शाबासकी आणि बक्षीस. त्यावर इथे वेळ घालवत नाही.

मुलांना मी एकच सांगते. उदाहरण समोर आलं की आधी ‘कोणतं वर्तन?’ हे ठरवा. मग ते वाढलं की घटलं ते बघा. काही आलं की गेलं, हे शेवटी. बहुतेकांचा क्रम उलटा असतो. ‘बजर कर्कश आहे, म्हणजे शिक्षा’ असं ते पहिल्याच पायरीवर म्हणून मोकळे होतात.

आता गाडीकडे परत येऊ, कारण दोन्हींच्या मर्यादाही तिथेच दिसतात. चलानाची भीती असलेला माणूस काय करतो? लांबून पोलीस दिसला की पट्टा खांद्यावर घेतो, चौक ओलांडला की सोडतो. शिक्षा वर्तन दाबते, आणि तेही बहुधा शिक्षा करणारा समोर असेपर्यंतच. स्किनरच्या उंदरांनी हेच दाखवलं होतं. कळ दाबली की खाणं मिळतं हे शिकलेल्या उंदरांचं खाणं त्याने बंद केलं. त्यातल्या काहींना सुरुवातीला कळ दाबताच पंजावर फटका बसेल अशी व्यवस्था केली. ते थबकले खरे, पण फटके थांबल्यावर हळूहळू त्यांनीही बाकीच्यांइतक्याच वेळा कळ दाबली. कळ विसरली गेली नव्हती, फक्त पुढे ढकलली गेली होती.

आणि टुंग टुंगने त्रासलेला माणूस? तो पट्टा लावतो, किंवा बाजारातून पट्ट्याच्या खाचेत बसणारी नुसती क्लिप आणतो. क्लिप अडकवली की आवाज बंद आणि पट्टा मोकळाच. या क्लिपा इतक्या विकल्या जात होत्या, की २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन कंपन्यांना त्या हटवायचे आदेश द्यावे लागले. हे उदाहरण मी वर्गात मुद्दाम घेते. ऋण प्रबलन सुरक्षितता शिकवत नाही. जे काही केल्याने त्रास थांबतो, ते शिकवतं. ते शहाणपणाचं असो वा जिवावर बेतणारं.

या दोन गोष्टी वेगळ्या असल्या तरी आयुष्यात त्या एकाच क्षणी, दोन माणसांत वाटून घडतात, आणि मला वाटतं गोंधळाचं खरं कारण हेच असावं. किराणा दुकानात काउंटरपाशी चॉकलेटच्या बरण्या असतात. चार वर्षांची पोर हट्टाला पेटते, फरशीवर बसकण मारते, सगळं दुकान वळून बघतं. आई दोनदा ‘नाही’ म्हणते, तिसऱ्यांदा घामाघूम होऊन म्हणते, ‘घे बाई एकदाचं.’ रडणं थांबतं. पोर शिकली की रडलं तर चॉकलेट मिळतं. हे धन प्रबलन. पण आईही काहीतरी शिकली. दिलं की कानांतला कल्लोळ थांबतो आणि लोकांच्या नजरा वळतात. हे ऋण प्रबलन. पुढच्या वेळी ती लवकर देईल आणि पोर जोरात रडेल. जेराल्ड पॅटरसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने घराघरांत बसून अशी देवाणघेवाण टिपली आणि १९८२ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

वर्गातही तेच. मुलं गलका करतात, सर टेबलावर डस्टर आपटून ओरडतात, क्षणात शांतता. मुलांसाठी ती शिक्षा. सरांच्या ओरडण्याला मात्र त्या शांततेने बळ मिळालं. पाच मिनिटांनी गलका परत सुरू होतो, म्हणजे शिक्षा टिकली नाही. सर पुन्हा ओरडतात, म्हणजे प्रबलन टिकलं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने २००९ सालीच शाळेत मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी घातली. तरीही हात का उचलला जातो, याचं एक उत्तर इथे आहे. फटका मुलाला फारसं शिकवत नाही, पण मारणाऱ्याला त्याच क्षणी हलकं वाटतं. मारणाऱ्याची सवय त्यावर पोसली जाते. हे कळल्यापासून मी स्वतः वर्गात आवाज चढवण्याआधी थांबायला शिकले.

ताण आणि मनःस्वास्थ्याच्या बाबतीत तर हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. परीक्षेच्या ताणाने पोटात गोळा आलेला मुलगा पुस्तक मिटतो आणि मोबाइल घेतो. बरं वाटतं. घरातले म्हणतात, ‘आळशी आहे, धाक नाही कुणाचा.’ पण पुस्तक मिटण्याच्या त्या सेकंदाला पोटातला गोळा सुटला, आणि त्या सुटकेने पुस्तक मिटण्याला बळ दिलं. मिश्री लावल्याशिवाय सकाळ सुरू न होणाऱ्या आजींचंही तेच आहे. पहिल्या काही दिवसांची तरतरी केव्हाच गेली. आता मिश्री तरतरी देत नाही, न लावल्याची बेचैनी घालवते.

गॅसची कळ बंद केली का, हे वीस वेळा बघणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. बघितलं की जीव थंड होतो, मिनिटभर. मग पुन्हा शंका. घरचे प्रेमाने सांगतात, ‘बंद आहे रे, मी बघितलंय.’ तेही त्या मिनिटभराच्या थंडाव्यात भर घालतात आणि शंकेची मुळं खोल जातात. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये लंडनला अशाच मंत्रचळेच्या (ओसीडीच्या) रुग्णांबरोबर उलटी वाट धरली. शंकेला सामोरं जायचं, पण ती शमवणारी कृती करू द्यायची नाही. अस्वस्थता चढते, आणि काही न करताच उतरते. आजही या विकारावरच्या उपचारांत ही पद्धत मुख्य मानली जाते. मात्र ती प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखालीच करायची. घरी कुणी जबरदस्तीने दार अडवून उभं राहणं म्हणजे उपचार नव्हेत. कुठे जायचं ते सुचत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

जबरदस्तीबद्दल इतकं ठाम का लिहिते, त्याला एका प्रयोगाचा आधार आहे. वाचताना आजही त्रास होतो आणि आज कुणाला तो करूही देणार नाहीत. रिचर्ड सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दोन खणांच्या पेटीत कुत्रे ठेवले. दिवा विझला की काही सेकंदांनी जमिनीतून विजेचा जोरदार झटका यायचा. मधला अडसर ओलांडून पलीकडे उडी मारली तर सुटका. कुत्रे काही फेऱ्यांतच शिकले आणि झटका येण्याआधीच उडी मारू लागले. मग वीज कायमची बंद केली. तरी कुत्रे उड्या मारतच राहिले, शेकडो वेळा. झटका येणार नाही हे कळायला थांबून बघावं लागलं असतं, आणि थांबायची सवयच उरली नव्हती.

संशोधकांनी मग उडीलाच शिक्षा केली. पलीकडच्या खणात झटका. आपल्याला वाटेल, आता तरी उडी थांबेल. बऱ्याच कुत्र्यांची उडी आणखी जोरात झाली.

शाळेत जायला घाबरणाऱ्या, सकाळी उठल्या उठल्या पोट दुखतं म्हणणाऱ्या मुलाला फटके देऊन शाळेत पाठवायचं ठरवणाऱ्या प्रत्येक आईबापाला हे सांगावंसं वाटतं. त्याचं टाळणं सुटकेवर चाललंय. घरी राहिला की भीती उतरते, म्हणून तो घरी राहतो. त्यावर शिक्षा टाकली की भीतीत भर पडते, आणि भीती वाढली की सुटकेची किंमतही वाढते. ‘राहू दे आज घरी’ हेही उत्तर नाही, कारण तेच तर प्रबलन. काही दिवस नुसतं फाटकापर्यंत, मग प्रार्थनेपर्यंत, मग पहिल्या दोन तासांपर्यंत, असं त्याच्यासोबत राहून न्यावं लागतं. आणि शाळेत त्याला खरंच कुणी छळत असेल तर आधी ते थांबवावं लागतं.

स्वतःचंही सांगते. मागच्या वर्षी रक्ततपासणीचा रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर आला. लॅबचं नाव दिसलं आणि मी मोबाइल पालथा ठेवला. छातीतली धडधड लगेच कमी झाली. दुसऱ्या दिवशी ‘संध्याकाळी बघू’, तिसऱ्या दिवशी पेपरांचे गठ्ठे होतेच. प्रत्येक वेळी मोबाइल पालथा करणं आदल्या दिवसापेक्षा सोपं जात होतं आणि पीडीएफ उघडणं अवघड. मुलीने रागावून विचारलं, ‘आई, तू काय लहान आहेस का?’ त्यावर मी आणखी दोन दिवस लावले. सहाव्या दिवशी स्टाफरूममध्ये एकटीच होते. त्या दुपारी वर्गात याच कुत्र्यांचा प्रयोग शिकवून आले होते. खडूचे हात तसेच होते. पीडीएफ उघडला. उपाशीपोटी साखर ११८, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. घाबरले. खुर्चीत बसून राहिले, मोबाइल सरळच ठेवला, आणि पुढच्या तासाची घंटा होईपर्यंत हातांची थरथर थांबली होती. तीन महिन्यांनी दुसरी तपासणी केली. तो रिपोर्ट मी लॅबच्या पायऱ्यांवरच उभी राहून उघडला.