सर्व्हायव्हल हॉरर गेमचे मोबाइल रूपांतर

कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रासाठी, बनलेला सर्व्हायव्हल हॉरर प्रकारातला व्हिडिओ गेम स्मार्टफोनवर खेळता यावा म्हणून त्याची नियंत्रणे, चित्रे, आवाज आणि रचना नव्याने बसवण्याचे काम. गेम बनवणारे याला ‘पोर्ट करणे’ म्हणतात. पत्त्यांचा किंवा कोड्यांचा गेम फोनवर नीट चालू लागला की पोर्ट पूर्ण झाला असे मानता येते. भयखेळाचे तसे नाही. तो फोनवर न अडखळता चालतो, सगळ्या खोल्या, सगळी हत्यारे, सगळे राक्षस जागच्या जागी असतात, आणि तरीही खेळणाऱ्याच्या छातीत धस्स होत नाही, असे घडते. मग त्या रूपांतराला अर्थ उरत नाही.

गोव्यात हा विषय आडवाटेचा नाही. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या तालुक्यांतल्या मराठी वाचणाऱ्या घरांत कन्सोल क्वचित दिसतो. फोन मात्र जवळजवळ प्रत्येकाच्या हातात असतो. त्यामुळे जगभर गाजलेले भयखेळ इथल्या अनेक मुलांना टीव्हीसमोर बसून नव्हे, तर फोनच्या पडद्यावरच पहिल्यांदा भेटतात. मूळ गेममधली भीती त्यांच्यापर्यंत पोचते की नुसती त्याची चित्रे पोचतात, हे रूपांतर करणाऱ्यावर अवलंबून असते.

भीतीची घडण : ‘सर्व्हायव्हल हॉरर’ हा शब्द १९९६ साली कॅपकॉम कंपनीच्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ने रूढ केला. जपानमध्ये हाच गेम ‘बायोहॅझार्ड’ नावाने निघाला. त्याचे दिग्दर्शक शिंजी मिकामी. त्याआधी कॅपकॉमचाच ‘स्वीट होम’ (१९८९) आणि फ्रान्समधल्या इन्फोग्राम्स कंपनीचा ‘अलोन इन द डार्क’ (१९९२) यांनी वाट पाडून ठेवली होती. या प्रकारात खेळणारा मुद्दाम दुबळा ठेवलेला असतो. गोळ्या मोजक्या. सामान ठेवायला पहिल्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये क्रिस या पात्राला सहा आणि जिल या पात्राला आठच खण. गेम जतन करायचा तर टंकलेखन यंत्र शोधायचे आणि शाईची फीत खर्च करायची, आणि त्या फिती संपतात. कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात खिळलेला, त्यामुळे वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही. नुसते पाय घासल्याचे ऐकू येते.

यातल्या बऱ्याच गोष्टी यंत्राच्या गरिबीतून जन्मल्या, हे विसरता कामा नये. पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी अवघी २ मेगाबाइट होती. पुढची खोली सीडीवरून येईपर्यंत पडद्यावर एक दार हळूहळू उघडताना दाखवले जाई. ते दार हेच त्या गेममधले सर्वांत लांबलेले क्षण ठरले. कोनामीच्या ‘सायलेंट हिल’मध्ये (१९९९) दूरवरचे शहर रंगवणे यंत्राला झेपत नव्हते, म्हणून सगळीकडे धुके पसरवले गेले. आज त्या धुक्याशिवाय त्या शहराची कल्पनाच करता येत नाही. म्हणजे या प्रकारातली भीती अडचणीतून येते. रूपांतर करताना खरा निर्णय एवढाच असतो : कोणती अडचण जपायची आणि कोणती काढून टाकायची. बाकी सगळे तंत्र त्या निर्णयाच्या मागून येते.

सुरुवातीचे प्रयत्न : जावा गेम चालवणाऱ्या बटणांच्या फोनवर ‘सायलेंट हिल : ऑर्फन’ (२००७) आला तो मूळ गेमची नक्कल करत नव्हता, स्थिर चित्रांमधून फिरत वस्तू शोधायच्या, अशी त्याची साधी मांडणी होती. ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ मूळ २००५ चा, गेमक्यूब कन्सोलवरचा. २००९ साली तो आयफोनवर आला तेव्हा त्याचे लहान लहान टप्पे पाडलेले होते. कथा समजते, पण एका गावातून जीव मुठीत धरून वाट काढत राहण्याची जी सलगता मूळ गेममध्ये होती, ती तुकड्यांत टिकत नाही.

याउलट जानेवारी २०११ मध्ये आलेला ‘डेड स्पेस’चा मोबाइल अवतार अजूनही अभ्यासण्यासारखा आहे. मेलबर्नच्या आयर्नमंकी स्टुडिओजने २००८ चा कन्सोल गेम जसाच्या तसा उतरवला नाही. त्याच जगात फोनसाठी वेगळी कथा रचली. मूळ ‘डेड स्पेस’चा एक गुण त्यांच्या कामी आला. त्या गेममध्ये पडद्याच्या कडांना आकडे आणि पट्ट्या नसतात. नायकाची प्रकृती त्याच्या चिलखताच्या पाठीवरच्या उजेडावरून कळते. लहान पडद्यावर तेवढीच जागा मोकळी राहते.

पूर्ण कन्सोल गेम काटछाट न करता फोनवर आणण्याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘एलियन : आयसोलेशन’. क्रिएटिव्ह असेंब्लीचा हा गेम २०१४ चा. फेरल इंटरॅक्टिव्ह कंपनीने डिसेंबर २०२१ मध्ये तो आयओएस आणि अँड्रॉइडवर आणला. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज’ आणि डिसेंबरमध्ये ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ची नवी आवृत्ती आयफोन १५ प्रोवर चालू लागली. सुरुवातीचा भाग फुकट खेळून पाहायचा आणि आवडला तर पूर्ण गेम विकत घ्यायचा, ही त्यांची विक्रीची पद्धत भयखेळाला मानवते. मधेच जाहिरात दाखवणारा भयखेळ तर उभाच राहू शकत नाही. तळघरात दम धरून बसलेल्या माणसाला साबणाची जाहिरात दाखवली की तळघर तिथेच संपते.

अंगठे आणि काच : कन्सोलच्या कंट्रोलरवर बटणे बोटांना जाणवतात, नजर पडद्यावरून हलत नाही. फोनच्या काचेवर बटण जाणवत नाही, आणि दोन्ही अंगठे पडद्याचा बराच भाग झाकून टाकतात, तोही खालचे कोपरे, जिथून सरपटणारे काही येण्याची शक्यता जास्त. रूढ तोडगा असा : डाव्या अर्ध्यावर चालणे, उजव्या अर्ध्यावर पाहणे. चालण्याची काठी (जॉयस्टिक) एका जागी रंगवून ठेवण्याऐवजी अंगठा जिथे टेकेल तिथे ती उमटते, म्हणजे खाली पाहावे लागत नाही. दार, खण, चिठ्ठी यांची बटणे जवळ गेल्यावरच दिसतात. नेम धरताना फोन किंचित हलवून बारीक दुरुस्ती करण्याची सोयही देता येते.

इथेच अडचणींची निवड करावी लागते. जुन्या भयखेळांतली पात्रे जडपणे वळत. त्याने घाबरवले, कारण खेळणाऱ्याला नियम माहीत असत आणि चूक आपली आहे हे कळत असे. काचेवरून अंगठा घसरल्यामुळे मरण आले तर भीती वाटत नाही, चीड येते. म्हणून नेमाला थोडी मदत करावी, पण गोळ्या वाढवू नयेत. उलटे करणारेच जास्त दिसतात : नियंत्रण कच्चे ठेवायचे आणि त्याची भरपाई म्हणून शत्रू दुबळे करायचे. असा पोर्ट खेळायला सोपा आणि आठवायला अवघड असतो.

अंधार आणि उष्णता : ओलेड पडद्यावर काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका, त्यामुळे तिथे अंधार खरा दिसतो आणि बॅटरीही वाचते. साध्या एलसीडी पडद्यावर तोच अंधार राखाडी होतो. गडद छटा एकमेकींत विरघळण्याऐवजी त्यांचे पट्टे दिसू लागतात. पोत, म्हणजे भिंती-वस्तूंवर चिकटवलेली चित्रे, जागा वाचवण्यासाठी फार दाबला तर हे आणखी वाढते. फोनवर पोत दाबण्यासाठी एएसटीसी पद्धत वापरतात. तिच्यात दर ठिपक्याला ८ बिटांपासून १ बिटाहूनही कमीपर्यंत जागा देता येते, म्हणून ज्या भिंतीजवळ खेळणारा कंदील घेऊन जाणार तिला जास्त आणि अंधारातल्या छताला कमी, अशी वाटणी करणे शहाणपणाचे. धुके मात्र फोनला महाग पडते. पारदर्शक थर एकावर एक रंगवताना एकच ठिपका पुन्हा पुन्हा रंगवावा लागतो. जे धुके १९९९ साली यंत्राचे ओझे हलके करण्यासाठी आले, तेच आज अनेक थरांनी दाट करू पाहिले तर ओझे होऊन बसते.

गेमच्या सुरुवातीला ‘हे चिन्ह जेमतेम दिसेल इतका उजेड ठेवा’ अशी सूचना असते. टीव्ही एका खोलीत असतो, म्हणून ती एकदा केली की पुरते. फोन दुपारी म्हापशाच्या बसस्टँडवर असतो आणि रात्री घरात. चांगल्या पोर्टमध्ये ही जुळणी कधीही, दोन स्पर्शांत पुन्हा करता येते.

फोनला पंखा नसतो. तापला की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० दाखवायची तर ३३.३. वातानुकूलित खोलीत ६० वर चालणारा गेम मे महिन्यातल्या गोव्याच्या उकाड्यात काही वेळाने अडखळू लागतो, आणि नेमका पाठलागाच्या वेळी अडखळला तर घात होतो. पहिल्यापासून स्थिर ३० धरणे हे मला जास्त प्रामाणिक वाटते. चाचणीही थंड खोलीत पाच मिनिटे नव्हे, तर उकाड्यात अर्धा तास करावी.

आवाज : भयखेळाचा निम्मा जीव आवाजात असतो. ‘एलियन : आयसोलेशन’मध्ये शत्रू बहुतेक वेळा दिसत नाही; छतातल्या नळकांड्यांतून त्याची धावपळ ऐकू येते, हातातले यंत्र टिकटिकते, आणि त्या यंत्राचा आवाजही त्याला ऐकू जातो. गाव राखणाऱ्या देवचाराच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या गोमंतकीयाला हे समजावून सांगावे लागत नाही. तो दिसत नाही, वाटेवर त्याच्या काठीचा आवाज येतो, अशाच त्या गोष्टी सांगितल्या जातात.

फोनचा इवलासा स्पीकर खोल, घुमणारे स्वर काढू शकत नाही, आणि धोका जवळ आल्याची जाणीव तर त्याच स्वरांतून दिलेली असते. म्हणून रूपांतरात त्या स्वरांच्या वरच्या पट्टीतल्या छटा वाढवतात. कान उरलेला खर्ज स्वतः भरून घेतो. हेडफोन लावले तर डावे-उजवे, पुढचे-मागचे कळते, पण ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो. पाऊल पडलेले दिसते आणि ऐकू नंतर येते. ही तफावत भरून काढण्याची सोय सेटिंगमध्ये असायला हवी. आषाढात मंगळुरी कौलांवर पाऊस कोसळत असताना हेडफोनशिवाय खेळणाऱ्याला दाराची कुरकुर ऐकू येणारच नाही. त्याच्यासाठी कंपनाचा वापर करता येतो : पाऊल जवळ येईल तसा हातातला फोन मंद थरथरतो. फोन हातातच धरलेला असल्यामुळे ही थरथर फार परिणामकारक होते.

फोन वाजतो तेव्हा : कन्सोलवर खेळणारा खेळायलाच बसलेला असतो. फोनवर खेळताना आईचा फोन येतो, व्हॉट्सॲपचा संदेश येतो, म्हापसा–पणजी बसमधून उतरायची वेळ होते, रायबंदरची फेरीबोट चोडणच्या धक्क्याला लागते. गेम बाजूला पडला की अँड्रॉइड त्याला थांबवतो, आणि मेमरी कमी पडली तर न विचारता बंदही करतो. मध्यम किमतीच्या फोनवर हे सारखे होते. त्या क्षणी जतन केले नसेल तर तासाभराची मेहनत जाते. पण कुठेही, कधीही जतन करू दिले तर शाईच्या फितीची ती धास्ती जाते. दर दोन पावलांनी जतन करत जाणाऱ्याला कशाचीच भीती उरत नाही.

यावरचा सर्वांत चांगला तोडगा म्हणजे खूण. गेम बाजूला पडताच तो आहे त्या स्थितीत आपोआप नोंदला जातो. परत उघडला की तिथूनच चालू होतो आणि ती नोंद लगेच पुसली जाते. मेल्यावर मात्र मागच्या टंकलेखन यंत्रापाशीच परतावे लागते. आयुष्यातले व्यत्यय माफ, गेममधली चूक माफ नाही. परतल्यावर दोन-तीन सेकंद पडदा काळा ठेवून आधी फक्त आवाज सुरू करावा. बसच्या गोंगाटातून पुन्हा त्या घरात शिरायला तेवढा अवधी लागतो.

मराठी मजकूर : भयखेळाची कथा बहुधा सापडलेल्या चिठ्ठ्या, डायऱ्या आणि भिंतींवरच्या नोंदींतून उलगडते. त्या इंग्रजीत राहिल्या तर अनेक जण त्या वाचल्याशिवाय पुढे सरकतात आणि घर रिकामे वाटू लागते. मराठी करताना पहिली अडचण लिपीची येते. देवनागरीत अक्षरे जोडावी लागतात, ऱ्हस्व वेलांटी उच्चारात मागून येत असली तरी लिहिताना आधी काढावी लागते. युनिटीसारख्या गेम बनवायच्या इंजिनमध्ये नेहमी वापरली जाणारी अक्षरजुळणी हे काम स्वतःहून धड करत नाही. ‘किल्ली’तली वेलांटी भलत्या जागी पडते आणि ‘ल्ल’ पाय मोडून उभा राहतो. त्यासाठी हार्फबझसारखी अक्षरजुळणी जोडावी लागते. वर मात्रा, खाली उकार असल्याने ओळींमध्ये अंतरही जास्त लागते. इंग्रजीसाठी आखलेल्या चिठ्ठीच्या कागदावर मराठी मजकूर मावत नाही.

भाषांतर करणाऱ्याने शब्दही तोलून घ्यावेत. बटणावर ‘जतन करा’पेक्षा ‘सेव्ह’ लवकर कळतो. पण डायरीतला माणूस पुस्तकी मराठी बोलला की तो मेलेलाच वाटतो. त्याला घरातली बोली द्यावी.

गोव्यात बसून स्वतःचा लहान भयखेळ रचू पाहणाऱ्यांना पोर्टच्या या अभ्यासातून बरेच मिळते. मोठा प्रदेश फोनला जड जातो, एक घर जड जात नाही. पहिला ‘रेसिडेंट ईव्हिल’ही एका वाड्यात आणि त्याच्या आवारातच घडतो. गोमंतकीय जुने घर तर त्यासाठी घडवल्यासारखे आहे : मधोमध राजांगण, त्यात तुळस, चारही बाजूंनी खोल्या, शिंपल्यांच्या खिडक्यांतून झिरपणारा दुधाळ उजेड, मागे पोरसू (परसबाग) आणि विहीर. राजांगणामुळे समोरच्या खोलीत कोणी हलले तर दिसते, पण तिथे जायला पूर्ण फेरा मारावा लागतो.

अशा गेममध्ये देवचाराला शत्रू करून त्याच्यावर गोळ्या झाडायला लावणे मात्र चुकीचे होईल. तो गावाचा राखणदार आहे. डिचोली तालुक्यातल्या साळ गावच्या गड्यांच्या जत्रेत, होळीच्या दिवसांतल्या रात्री, देवचार उजेड दाखवत पुढे जातात आणि गडे, म्हणजे जत्रेतले भक्त, त्या उजेडामागे जातात, अशी श्रद्धा आहे. त्याला पडद्यावर आणायचेच तर तशाच रूपात आणावे : बॅटरी संपत आलेली, वाट हरवलेली, आणि झाडांपलीकडे पुढे पुढे सरकणारा एक हिलाल.